'संयुक्त विद्यमाने' : अर्थ, उपयोग आणि उत्तरदायित्व

वाचनालयाचा वर्धापनदिन असो, शाळेतील विज्ञान प्रदर्शन असो, की ग्रामपंचायतीच्या आवारात भरणारे नेत्रतपासणी शिबिर असो. निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर '... यांच्या संयुक्त विद्यमाने' हे शब्द बहुधा असतातच. ते छापणाऱ्याच्या अंगवळणी पडले आहेत आणि वाचणाराही ते ओलांडून तारीख, वेळ व प्रमुख पाहुणे यांच्याकडे वळतो. तथापि, कार्यक्रम पार पडून हिशेबाचा प्रश्न निघाला, म्हणजे याच शब्दांकडे पुन्हा परतावे लागते. 'संयुक्त' म्हणजे नेमके कोण आणि 'विद्यमाने' म्हणजे कोणी काय करावयाचे होते, हे तेव्हा विचारले जाते. हा विचार पत्रिका छापण्यापूर्वीच झाला, तर पुष्कळ मनस्ताप टळतो. म्हणून या शब्दप्रयोगाची ओळख येथे क्रमाने करून दिली आहे.

शब्दाची फोड

'संयुक्त' हा शब्द 'सम्' हा उपसर्ग आणि 'युज्' म्हणजे जोडणे हा धातू यांपासून झालेला आहे. एकत्र जोडलेले ते संयुक्त. संयुक्त कुटुंब, बँकेतील संयुक्त खाते, संयुक्त राष्ट्रे या प्रयोगांत तोच अर्थ आहे. जोडण्यासाठी किमान दोन घटक लागतात. तेव्हा एकाच संस्थेच्या नावापुढे 'संयुक्त' लिहिणे निरर्थक होय.

'विद्यमान' या शब्दाविषयी मात्र गैरसमज आढळतो. त्यात 'विद्या' दिसत असल्यामुळे त्याचा संबंध ज्ञानाशी असावा, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. संस्कृतात 'विद्' हे रूप एकाहून अधिक धातूंचे आहे. जाणणे या अर्थाच्या धातूपासून 'विद्या', 'विद्वान' हे शब्द आले. असणे या अर्थाच्या धातूचे रूप 'विद्यते', म्हणजे 'आहे', असे होते आणि त्याचे वर्तमानकालवाचक धातुसाधित 'विद्यमान' होय. जे सध्या आहे, हजर आहे, ते विद्यमान. 'विद्यमान सरपंच', 'विद्यमान आमदार' या प्रयोगांत पदावर आज असलेली व्यक्ती अभिप्रेत असते. 'अविद्यमान' म्हणजे नसलेले.

'विद्यमाने' हे रूप संस्कृतातील सप्तमीसारखे दिसते आणि तेथे त्याचा अर्थ 'असताना' असा होतो. मराठीत मात्र त्याला तृतीयेचा, म्हणजे साधनाचा किंवा कर्त्याचा, अर्थ आला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी हा शब्द 'विद्यमानें' असा शेवटच्या अक्षरावर अनुस्वार देऊन लिहिला जात असे. 'योगे' या शब्दाप्रमाणेच हे जुने, गोठलेले रूप आजच्या भाषेत टिकून राहिले आहे.

जुन्या व्यवहारातील अर्थ

मराठेशाहीतील कागदपत्रांत 'अमुक यांचे विद्यमाने' असा प्रयोग येतो. तेथे त्याचे दोन अर्थ संभवतात. पहिला 'समक्ष', म्हणजे त्या व्यक्तीच्या उपस्थितीत. दुसरा 'मार्फत', म्हणजे त्या व्यक्तीच्या हातून. रक्कम पोचती झाली, जमिनीचा निवाडा झाला किंवा एखादा करार ठरला, तर तो कोणाच्या विद्यमाने, हे नोंदविण्यात व्यवहाराची सुरक्षितता होती. पुढे तक्रार उद्भवली तर कोणाला विचारावयाचे, ते कागदावरच सापडे.

या दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. ज्याच्या विद्यमाने कार्य झाले, तो त्या कार्यात हजर होता आणि त्याचा हात त्या कार्याला लागला होता. आजच्या 'संयुक्त विद्यमाने' या प्रयोगातही हीच अपेक्षा दडलेली आहे. ज्या संस्थांची नावे तेथे येतात, त्या सर्वांनी मिळून ते कार्य अंगावर घेतलेले आहे, असा त्याचा सरळ अर्थ होय.

शेजारच्या भाषांतील प्रतिशब्द

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मराठी समाजाला शेजारच्या भाषेतील पत्रिकांचे मराठी रूपांतर वारंवार करावे लागते. इंदूर व ग्वाल्हेर येथे हिंदीतील 'संयुक्त तत्त्वावधान में' हा प्रयोग समोर येतो. बडोद्यास गुजरातीतील 'संयुक्त उपक्रमे', बेळगाव भागात कन्नडमधील 'संयुक्त आश्रयदल्लि' आणि हैदराबादेस तेलुगूतील 'संयुक्त आध्वर्यंलो' हे प्रयोग रूढ आहेत. व्यवहार एकच असला, तरी प्रत्येक भाषेने त्याची निराळी बाजू उचलली आहे. हिंदीने देखरेख पाहिली, गुजरातीने कार्याचा आरंभ पाहिला, कन्नडने आसरा पाहिला. तेलुगूने यज्ञातील अध्वर्यूची, म्हणजे प्रत्यक्ष कर्मे करणाऱ्या ऋत्विजाची, आठवण ठेवली. मराठीने उपस्थिती पाहिली.

हे सारे शब्द संस्कृतातून आलेले असल्यामुळे ते जसेच्या तसे मराठीत उतरविण्याचा मोह होतो. परंतु त्यांचे मराठीतील अर्थ वेगळे आहेत. मराठीत 'उपक्रम' म्हणजे हाती घेतलेले काम. त्यामुळे 'संयुक्त उपक्रमे' हे मराठी वाचकास अपुरे वाटते. 'आश्रय' म्हटला की एक आश्रयदाता आणि दुसरा आश्रित असे चित्र उभे राहते. राजाश्रय, लोकाश्रय हे शब्द त्याच अर्थाने आले. बरोबरीच्या दोन संस्थांना तो शब्द शोभत नाही. 'तत्त्वावधान' मराठी कानाला अपरिचित आहे. रूपांतर करताना या तिन्ही ठिकाणी 'संयुक्त विद्यमाने' हाच मराठीतील रूढ प्रतिशब्द योजावा.

शासनव्यवहारातील अशा शब्दांचा अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडून विचार करण्याची परंपरा या प्रदेशास नवी नाही. बडोदे संस्थानाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश प्रसिद्ध करून आठ भाषांतील प्रशासकीय शब्द एकत्र दिले होते.

जवळचे शब्द आणि त्यांतील भेद

पत्रिकेवर येणाऱ्या प्रत्येक संस्थेचा कार्यक्रमाशी असलेला संबंध सारखा नसतो. तो संबंध दाखविण्यासाठी मराठीत पुरेसे शब्द आहेत. ते एकमेकांच्या जागी वापरल्याने घोटाळा होतो.

'वतीने' आणि 'तर्फे' : एका संस्थेने दुसऱ्या कोणासाठी किंवा स्वतःच्या नावाने काम केले असता हे शब्द येतात. 'ग्रामपंचायतीतर्फे सत्कार' म्हणजे सत्कार करणारी ग्रामपंचायत. तो प्रत्यक्ष कोणाच्या हातून झाला, हे त्यातून कळत नाही.

'मार्फत' आणि 'द्वारा' : काम ज्या माध्यमातून झाले ते हे शब्द दाखवितात. 'तलाठ्यामार्फत अर्ज पाठवावा' या वाक्यात निर्णय घेणारा तलाठी नव्हे.

'हस्ते' : विशिष्ट कृती करणाऱ्या व्यक्तीसाठी. उद्घाटन हस्ते होते, आयोजन हस्ते होत नाही.

'सहकार्याने' : मुख्य आयोजक दुसरा असून एखाद्या संस्थेने जागा, माणसे अथवा साहित्य पुरविले असता. येथे जबाबदारी मर्यादित असते.

'सौजन्याने' : एखाद्याने स्वतःची वस्तू किंवा सेवा मोफत वापरू दिली असता. छायाचित्र, फलक, दिनदर्शिका यांवर हा शब्द योग्य ठरतो.

'अर्थसाहाय्याने' किंवा 'अनुदानाने' : केवळ पैसा दिला असता. अनुदान देणारे कार्यालय आयोजक होत नाही.

'प्रायोजित' : कार्यक्रमाचा खर्च उचलून त्या बदल्यात आपल्या नावाची प्रसिद्धी मिळविणे, हा येथील आशय आहे. ते नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांमुळे सर्वपरिचित झाले.

'पुरस्कृत' : या शब्दास दोन अर्थ आहेत. 'पुरस्' म्हणजे पुढे. पुढे करणे तो पुरस्कार. त्यातून पाठिंबा देणे हा एक अर्थ व पारितोषिक देणे हा दुसरा अर्थ निघाला. 'पुरस्कृत पुस्तक' म्हणजे पारितोषिक मिळालेले पुस्तक, तर 'पुरस्कृत योजना' म्हणजे कोणी तरी पाठबळ दिलेली योजना.

या साऱ्यांहून 'संयुक्त विद्यमाने' वेगळा आहे. त्यात नाव आलेली प्रत्येक संस्था आयोजक असते. केवळ परवानगी देणारे, केवळ देणगी देणारे किंवा केवळ मानासाठी नाव घातलेले असे कोणीही त्या ओळीत नसावे.

कार्ल्याच्या खांबांचा धडा

अनेकांनी मिळून एक कार्य उभे करण्याचा फार जुना दाखला पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळ कार्ले येथील चैत्यगृहात मिळतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेले हे लेणे एका दात्याचे नाही. हे शैलगृह वैजयंती, म्हणजे आजचे कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्णत्वास नेल्याचा लेख तेथे आहे. परंतु आतील अनेक खांबांवर त्या त्या खांबाच्या दात्याचे नाव व गाव स्वतंत्रपणे कोरलेले आहे. धेनुकाकट येथील दाते त्यांत आहेत, त्यांपैकी काहींनी स्वतःस यवन म्हटले आहे. सोपारा येथील दाताही आहे. द्वारमुखाच्या कामावर धेनुकाकटच्या सिंहदत्त या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदले आहे आणि ते काम करणाऱ्या सामि या सुताराचेही नाव कोरलेले आहे.

या नोंदींत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. लेणे एकच, पण कोणता खांब कोणाचा हे दगडावर स्पष्ट आहे. पूर्ण करणारा कोण, भाग देणारे कोण, हाताने घडविणारा कोण, या तिन्ही भूमिका वेगवेगळ्या नोंदल्या गेल्या. एकत्र येण्याने कोणाचा वाटा झाकला गेला नाही. संयुक्त कार्याचा कागद कसा असावा, याचा यापेक्षा स्पष्ट आदर्श सापडणे कठीण.

व्यवहारात काय घडते

समजा, एका गावात प्राथमिक शाळा, सार्वजनिक वाचनालय व ग्रामपंचायत यांनी तीन दिवसांचे विज्ञान प्रदर्शन भरविण्याचे ठरविले. पत्रिकेवर तिघांची नावे 'संयुक्त विद्यमाने' या शब्दांसह आली. मंडपाचे १८,००० रुपये, ध्वनिक्षेपकाचे ४,००० रुपये आणि अल्पोपाहाराचे ६,००० रुपये, असा एकूण २८,००० रुपये खर्च झाला. मंडप सांगितला मुख्याध्यापकांनी, तोही तोंडी. वाचनालयाच्या कार्यकारिणीची समजूत अशी, की आपण पुस्तकांचे दालन मांडले, एवढाच आपला भाग. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत खर्चाचा ठराव आधी झालाच नव्हता. त्यामुळे ग्रामसेवकास देयक मंजुरीसाठी मांडता येईना. प्रदर्शन उत्तम झाले, मुलांचे कौतुक झाले आणि पंधरा दिवसांनी मंडपवाला मुख्याध्यापकांच्या घरी आला. त्याच्या दृष्टीने ज्याने काम सांगितले, तो देणेकरी. शाळेच्या निधीत तेवढी तरतूद नसल्याने ती रक्कम एका शिक्षकाच्या पगारातून जाण्याची पाळी आली.

असे प्रसंग अपवादात्मक नाहीत. त्यांत कोणाची लबाडी असतेच असे नाही. तिघांनीही 'संयुक्त' या शब्दाचा अर्थ 'माझ्याखेरीज इतर दोघे' असा नकळत घेतलेला असतो. पैशाचे नुकसान भरून निघते. परंतु पुढील वर्षी तोच शिक्षक प्रदर्शनाचे नाव काढीत नाही, ही खरी हानी होय.

कायद्याची दृष्टी

भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ४३मध्ये संयुक्त वचनाविषयी तरतूद आहे. दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून एखादे वचन दिले असेल आणि त्याविरुद्ध स्पष्ट करार नसेल, तर ज्याला वचन दिले तो त्यांपैकी कोणाही एकाकडून किंवा अधिकांकडून संपूर्ण वचनाची पूर्तता मागू शकतो. ज्याने संपूर्ण भार सोसला, त्याला इतरांकडून समान वाटा वसूल करण्याचा अधिकार असतो, मात्र करारातून वेगळा हेतू दिसत नसावा. वाटा देण्यात एकाने कसूर केली, तर ती तूट उरलेल्यांनी समान सोसावयाची असते.

पत्रिकेवर नाव छापले एवढ्यानेच करार झाला, असे मात्र होत नाही. काम कोणी सांगितले, कोणत्या अधिकाराने सांगितले आणि काय ठरले, हे पाहिले जाते. तरीही वरील तरतुदीतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. संयुक्तपणे शब्द दिल्यावर 'माझा एक तृतीयांश दिला, आता मी मोकळा' असे समोरच्याला सांगता येईलच असे नाही. आणि वाटणी समान नसावी असे वाटत असेल, तर ते आधी ठरवून लेखी ठेवावे लागते.

शासकीय योजनांतील 'पुरस्कृत'

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर शासकीय योजनांत येतो. 'केंद्र पुरस्कृत योजना' या शब्दावरून संपूर्ण पैसा केंद्र शासनाचा, असा समज ग्रामस्थांत सर्रास आढळतो. वस्तुतः ज्या योजनेचा संपूर्ण खर्च केंद्र शासन करते, तिला 'केंद्रीय क्षेत्र योजना' म्हणतात. केंद्र पुरस्कृत योजनेत राज्याचाही वाटा असतो. २०१५-१६ पासून मुख्य स्वरूपाच्या बहुतेक केंद्र पुरस्कृत योजनांत सर्वसाधारण राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचे प्रमाण ६०:४० असे, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९०:१० असे ठेवण्यात आले.

शाळांना परिचित असलेल्या माध्यान्ह भोजन योजनेचे उदाहरण घ्यावे. २०२१ पासून ती 'प्रधानमंत्री पोषण' या नावाने ओळखली जाते. तीत धान्याचा खर्च केंद्र शासन संपूर्णपणे सोसते. अन्न शिजविण्याचा खर्च मात्र सर्वसाधारण राज्यांत ६०:४० या प्रमाणात विभागला जातो. योजना एक असूनही बाबवार वाटे ठरलेले आहेत. कार्ल्याच्या खांबांवरील नोंदींमागे जे तत्त्व आहे, तेच येथे अंदाजपत्रकाच्या भाषेत मांडलेले दिसते. गावपातळीवरील छोट्या कार्यक्रमासही हीच रीत लावता येईल.

लेखनातील नेहमीच्या चुका

१. 'संयुक्तिक विद्यमाने' हे रूप चुकीचे आहे. 'सयुक्तिक' हा वेगळा शब्द असून त्याचा अर्थ युक्तीला धरून असलेले, म्हणजे तर्कसंगत, असा आहे.

२. 'संयुक्त विद्यमानाने', 'विद्यमानात', 'विद्यमानाखाली' ही रूपे टाळावीत. 'विद्यमाने' हेच रूढ रूप होय.

३. संस्था एकच असेल तर 'वाचनालयाच्या विद्यमाने' असे लिहावे. 'संयुक्त' हा शब्द गाळावा.

४. संस्थांच्या नावांमध्ये 'आणि' किंवा 'व' घालून शेवटी एकदाच 'यांच्या' लिहावे. प्रत्येक नावापुढे 'यांच्या' लिहिल्याने ओळ विस्कळीत होते.

५. 'संयुक्त विद्यमाने आयोजित' हे पुरेसे आहे. 'संयुक्त विद्यमाने एकत्रितपणे आयोजित' यात द्विरुक्ती होते.

नमुना

पत्रिकेवरील ओळ पुढीलप्रमाणे असावी : 'प्राथमिक शाळा, सार्वजनिक वाचनालय व ग्रामपंचायत यांच्या संयुक्त विद्यमाने विज्ञान प्रदर्शन'. तिच्या खाली, वेगळ्या ओळीत : 'मंडप : तालुका सहकारी संस्थेच्या सौजन्याने'. सहआयोजक आणि साहाय्यकर्ता यांतील भेद एवढ्याने स्पष्ट होतो.

पत्रिका छापावयास देण्यापूर्वी एका कागदावर पुढील बाबी लिहून सर्व संस्थांच्या अधिकृत प्रतिनिधींनी स्वाक्षऱ्या कराव्यात : कार्यक्रमाचे नाव, तारीख व स्थळ, प्रत्येक संस्थेकडील काम, प्रत्येक संस्थेच्या खर्चाची कमाल रक्कम, बाहेरच्या व्यक्तींना काम सांगण्याचा अधिकार कोणाला, पावत्या कोणाच्या नावे घ्यावयाच्या, ठरल्यापेक्षा खर्च वाढल्यास वाटणी कशी, हिशेब कोणत्या तारखेस मांडावयाचा. ग्रामपंचायतीसारखी संस्था सहभागी असेल, तर खर्चाच्या ठरावाचा क्रमांक व तारीख याच कागदावर नोंदवावी. हा कागद एका पानाहून मोठा होण्याचे कारण नाही.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घरी आलेल्या चार-पाच जुन्या निमंत्रणपत्रिका आणावयास सांगाव्यात. प्रत्येक पत्रिकेतील संस्थांची नावे फळ्यावर लिहून त्यांच्यापुढे आयोजक, सहकारी, देणगीदार की केवळ निमंत्रित, ते विद्यार्थ्यांनीच ठरवावे. पत्रिकेवरून ते ठरविता येत नसेल, तर कोणता शब्द योजला असता ते कळले असते, हे विचारावे. व्याकरणाचा पाठ आणि नागरिकशास्त्राचा पाठ एकाच तासात होतो.

समारोप

गावातील कोणतेही चांगले कार्य एकट्याने होत नाही. शाळेकडे मुले असतात, वाचनालयाकडे पुस्तके, पंचायतीकडे जागा आणि मंडळांकडे उत्साही हात. ही सारी एकत्र यावीत, यासाठीच 'संयुक्त विद्यमाने' हा शब्दप्रयोग आहे. त्यात नाव येणे हा मान खराच; पण 'विद्यमान' याचा अर्थ हजर असणे हा आहे. उद्घाटनाच्या वेळी व्यासपीठावर जो हजर, तो हिशेबाच्या बैठकीलाही हजर असला, म्हणजे पत्रिकेवरील शब्द खरा ठरतो.